ऑपरेशनच्या अलीकडे, पलीकडे

संध्याकाळी साडेसात

पुण्यातल्या एका रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर झोप तपासायच्या दोन खोल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आमचं टेबल, दोन मॉनिटर, एक इलेक्ट्रिक किटली. मी इथली टेक्निशियन. आज दोन्ही खोल्या भरलेल्या. फायली चाळल्या तर अशी जोडी एका रात्रीत क्वचितच मिळते: एक नंबरला वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या तयारीतले गृहस्थ, दोन नंबरला तेच ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालेल्या बाई. सध्या माझ्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी आहे. तिला म्हटलं, आज पुस्तक उघडू नकोस, नुसती बघत बस.

आठ

एक नंबरच्या गृहस्थांचा चाकणला मालवाहतुकीचा धंदा. वय 46, वजन 142 किलो, बीएमआय 47. सोबत पत्नी. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली आठ प्रश्नांची एक यादी केली, ती जगभर वापरतात आणि आम्हीही तिथूनच सुरुवात करतो. मोठ्यानं घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का. मग बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळ्याचा घेर 40 सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष की बाई. प्रश्न नवऱ्याला विचारायचे असतात, पण उत्तरं बायको देते. श्वास थांबतो का, म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, "थांबतो म्हणजे? मी ढोसते तेव्हा परत चालू होतो." गळ्याला टेप लावली, 47 सेंटीमीटर. आठापैकी सात. सुटलं ते फक्त वय.

शेटना हे सगळं उगाचचं वाटत होतं. "मॅडम, पुढच्या महिन्यात स्लीव्हचं ऑपरेशन आहे. पोट कमी झालं की घोरणं जाणारच, सगळेच सांगतात. मग आज या तारा कशाला?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याला उत्तरं दोन आहेत आणि रात्री मी एकच देते: भूल. ज्याचा गळा साध्या झोपेत मिटतो त्याचा भुलीच्या औषधांनी आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामकांनी आणखी सैल पडतो. नळी घालताना डोकं-खांदे किती उंच ठेवायचे, कोणती वेदनाशामकं टाळायची, ऑपरेशननंतरची रात्र साध्या वॉर्डात काढायची की नजरेखाली, हे ठरवायला भूलतज्ज्ञांना आकडा हवा असतो. अंदाज नाही चालत.

पावणेनऊ

तारा लावायचा तास. डोकं टेपनं मोजायचं, लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या, त्या जागी कातडी खरखरीत जेलनं घासायची, मग पांढरी पेस्ट आणि इलेक्ट्रोड. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायाच्या नडगीला, छातीला. नाकाशी हवेचा दाब मोजणारी नळी आणि तिच्यासोबत उष्णता मोजणारी तार. छातीला एक पट्टा, पोटाला एक. बोटाला ऑक्सिजनची चिमटी. एवढं अंगावर घेऊन माणूस झोपेल कसा, असं प्रत्येकाला वाटतं. शेटसारखे लोक पाच मिनिटांत झोपतात, हेच तर त्यांचं दुखणं.

दोन नंबरच्या बाई बारामतीकडच्या शाळेत शिकवतात. त्या इथे आधी येऊन गेलेल्या. "तेल लावलेलं नाही, डोकं धुऊन आलेय, वेणी सैल आहे," बसायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं. ऑपरेशनआधी वजन 116 किलो होतं, आज 78. मधुमेहाची गोळी बंद झाली. गुडघे कुरकुरत नाहीत, शाळेचा जिना एका दमात चढतात. यजमानांच्या मते घोरणंही बंद. मग रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅपचं मशीन?

"ते माळ्यावर आहे. आकाशकंदिलाशेजारी."

कधीपासून, विचारलं तर म्हणाल्या, वजन उतरल्यावर मास्क ढिला पडला, कडेनं हवा फुसफुसायला लागली, तोंड कोरडं पडायचं, पोटात वारा भरायचा. शिवाय दिवसभर ताजंतवानं वाटत होतं, म्हणून एक दिवस काढूनच ठेवलं. कुणाला विचारलं नाही. आज आल्या त्याही सर्जननी पिच्छा पुरवला म्हणून, आणि बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एकही कमी होत नव्हती म्हणून. झोपेच्या वैद्यकाचा संकेत असा आहे की वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं तर तपासणी पुन्हा करावी. बाईंचं जवळजवळ तेहेतीस टक्के उतरलंय. ऑपरेशन झालेले बहुतेक जण मात्र पुन्हा येतच नाहीत. वजनकाट्यानं निकाल दिला की त्यांच्या लेखी खटला संपतो.

सव्वादहा

बाहेरून माइकवर सूचना: डोळे मिटा, उघडा, उजवीकडे बघा, डावीकडे, दात चावा, पायाचा अंगठा हलवा, श्वास रोखा, घोरल्यासारखा आवाज काढा. या शेवटच्या सूचनेवर बाया लाजतात आणि पुरुष एकदम मन लावून घोरतात. साडेदहाला दिवे बंद.

अकरा

शेट सहा मिनिटांत झोपले. आता पडद्यावर जे दिसतं ते मी मुलीला सावकाश दाखवते, कारण पाठ करून हे कळत नाही.

पडदाभर आडव्या रेघा, एका पानावर तीस सेकंद. नाकाच्या हवेची रेघ लाटेसारखी वरखाली होते आहे, लाटेचा माथा चपटा होत चाललाय, म्हणजे घोरणं. मग एकदम सपाट. हवा बंद. पण छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या रेघा हलतच आहेत, उलट जास्त जोरानं, आणि एकमेकींच्या विरुद्ध दिशेनं: छाती आत तेव्हा पोट बाहेर. शरीर ओढतंय, हवा येत नाही. दहा सेकंद झाले की त्याला आम्ही ॲप्निया म्हणतो. शेटचे दहा होऊन गेले, वीस, तीस. ऑक्सिजनची रेघ अजून शांत. बोटापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो. अडतिसाव्या सेकंदाला मेंदूच्या रेघांत गर्दी उसळली, हनुवटीच्या स्नायूची रेघ जाड झाली, माइकवर मोठा फुर्रर्र, आणि हवा सुरू. नाडी एकदम चढली. आता कुठे ऑक्सिजन घसरायला लागतो: 93, 88, 81. तो परत वर येईतो गळा पुन्हा मिटलेला असतो.

सकाळी विचारलं तर शेट म्हणतील, झोप छान लागली, एकदाही जाग आली नाही.

मुलीनं विचारलं, चरबी पोटावर आणि श्वास गळ्यात अडतो, हे कसं? रास्त प्रश्न आहे. जिभेमागचा भाग नुसत्या मऊ स्नायूंचा, त्याला हाडाचा आधार नाही. भिजलेल्या कागदी स्ट्रॉनं रस जोरात ओढला की ती मधेच चिकटते, तसं होतं. एक तर गळ्याच्या कडेनं आणि जिभेतच चरबी साठते. पेनसिल्वेनिया विद्यापीठात 67 लठ्ठ रुग्णांचे एमआरआय वजन उतरण्याआधी आणि नंतर काढले होते, कुणी आहारानं उतरवलं होतं, कुणी ऑपरेशननं. 2020 साली निकाल छापला: श्वास अडणं कमी होण्यामागे सगळ्यात मोठा वाटा जिभेतली चरबी घटण्याचा होता. दुसरं कारण पोटाचंच. आडवं झालं की पोटाचा भार छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतो, फुप्फुसं आखडतात. भरलेली फुप्फुसं श्वासनलिकेला खाली ताणून धरतात आणि त्या ताणानं गळा उघडा राहतो. तो ताणच जातो. वजन उतरलं की दोन्ही बाजूंनी फायदा होतो, म्हणून ऑपरेशनचा गुण येतो आणि भरपूर येतो.

पण जबडा लहान असेल तर तो ऑपरेशननं मोठा होत नाही. नाकाचा पडदा वाकडा तो वाकडाच. वय तर वाढतंच. या गोष्टी वजनकाट्यावर दिसत नाहीत.

पाऊण

दोन तासांची नोंद झाली. तासाला सरासरी 71 वेळा श्वास अडला किंवा अर्धवट झाला, ऑक्सिजन 68 पर्यंत उतरला. या आकड्याला एएचआय म्हणतात: पाचाच्या आत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम, पुढे तीव्र. चाळिसाच्या वर गेला की उरलेली रात्र मास्क लावून दाब शोधण्यात घालवायची मुभा असते. आत जाऊन शेटना हलवलं, मास्क बसवला. अर्धवट झोपेत म्हणाले, "चढली का गाडी घाट?" चढली म्हटलं, झोपा.

सीपॅप म्हणजे नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन गळा आतून उघडा ठेवणं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपाय जगापुढे मांडला. सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी होत्या. मी 4 वर सुरू केलं. श्वास अडला की पाच मिनिटं थांबायचं आणि एक पायरी वर. 9 वर ॲप्निया गेले, 11 वर घोरणं गेलं. आणि मग शेटचे डोळे बंद पापण्यांखाली भराभर फिरायला लागले: स्वप्नांची झोप, रेम. इतक्या दिवसांची थकबाकी असली की ती एकदम वसूल होते, सलग पाऊण तास. पाठीवर असताना रेममध्ये गळा पुन्हा मिटायला लागला तसा दाब 13 वर नेला. तिथे सगळं सरळ झालं.

दीड

वरच्या मजल्यावरून फोन. सकाळी स्लीव्ह झालेला एक तरुण, स्वतःचं मशीन घेऊन आलेला, पण मळमळतंय म्हणून मास्क काढून टाकला. सिस्टरनी साधा ऑक्सिजन लावलाय, आकडा 95 दाखवतोय, तरी नातेवाईक म्हणतात श्वास थांबतोय. मुलीला पडद्यासमोर बसवून, फोन हातात ठेव म्हणून सांगून वर गेले.

नातेवाइकांचं बरोबर होतं. ऑक्सिजननं आकडा सुधारतो, गळा उघडत नाही. उलट आकडा चांगला राहिल्यामुळे धोक्याची घंटा उशिरा वाजते आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. ताज्या टाक्यांवर मशीनची हवा गेली तर पोटाचे स्टेपल उसवतील, अशी धास्ती सिस्टरना होती. ती पूर्वी सर्जननाही होती, पण नंतरच्या अभ्यासांत सीपॅपमुळे गळती वाढल्याचं दिसलेलं नाही. ड्यूटी डॉक्टरांशी बोलले, मळमळीचं इंजेक्शन दिलं गेलं, पलंगाचं डोकं उंच केलं, मास्क परत बसवला. वीस मिनिटं उभी राहिले. नातेवाइकांना सांगितलं, फोन केलात ते चांगलं केलंत.

तीन

चहा. शेट गाढ. दोन नंबरला बाई कुशीवर, शांत, एएचआय आत्तापर्यंत जेमतेम सहा. मुलगी म्हणाली, "ताई, यांचं तर गेलंय की."

थांब म्हटलं, अजून उजाडलेलं नाही.

मग तिनं विचारलं, ऑपरेशननंतर किती जणांचं पूर्ण जातं? माहितीपत्रकांत 85 टक्के छापतात. तो आकडा खोटा नाही. 2004 साली बुकवाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र करून स्लीप ॲप्निया 85.7 टक्के रुग्णांत बरा झाल्याचं लिहिलं होतं. पण बरा झाला म्हणजे काय, हे प्रत्येक अभ्यासानं आपापल्या परीनं ठरवलेलं. 2009 साली दुसऱ्या गटानं फक्त तेच अभ्यास निवडले ज्यांत झोपेची तपासणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा झाली होती. बारा अभ्यास, 342 रुग्ण. सरासरी एएचआय 54.7 वरून 15.8 वर आला. केवढी मोठी घट! आणि तरी 15.8 म्हणजे मध्यम आजार शिल्लक. अर्थात ती माणसं फार लठ्ठ होती, बीएमआय 55.3 चा 37.7 झाला होता, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा बाईंना लावता येत नाही.

याहून खटकणारा अभ्यास मेलबर्नचा, 2012 चा. साठ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला आहार-व्यायाम, दुसऱ्याला पोटाला पट्टा बांधायचं ऑपरेशन. दोन वर्षांनी पहिल्या गटाचं वजन 5.1 किलोनं कमी, दुसऱ्याचं 27.8 किलोनं. एएचआय मात्र पहिल्यात 14 नं आणि दुसऱ्यात 25.5 नं उतरला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. पाचपट वजन उतरवून दुप्पटही फायदा नाही, असं म्हणून काही जण ऑपरेशनलाच नावं ठेवतात. मला ते पटत नाही. साठ माणसांचा अभ्यास, त्यात पट्ट्याचं ऑपरेशन आता मागे पडलंय; स्लीव्ह आणि बायपासनं वजन त्याहून जास्त उतरतं. आणि ऑपरेशन कुणी फक्त घोरण्यासाठी करत नाही. मी त्यातून एवढंच घेते की पहिले काही किलो सगळ्यात जास्त काम करतात आणि शेवटचे तेवढं करत नाहीत.

मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं. मी पुढचंही सांगितलं: 1994 साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या 14 जणांना साडेसात वर्षांनी पुन्हा तपासलं. आधी 40 असलेला एएचआय काही महिन्यांत 11 झाला होता, तो परत 24 वर गेलेला. वजन तेवढं वाढलेलं नसताना.

चार वाजून दहा

बाई पाठीवर वळल्या. दहा मिनिटांनी रेम सुरू झालं आणि पडदा बदलला.

रेममध्ये डोळे आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा सोडून जवळजवळ सगळे स्नायू ढिले पडतात, गळ्याचेही. रेमचा मोठा हिस्सा रात्रीच्या शेवटच्या तृतीयांशात येतो. आणि बायकांमध्ये असा फक्त रेममध्ये डोकं वर काढणारा ॲप्निया बराच आढळतो. बाई घोरत नव्हत्या म्हटलं तरी चालेल, नुसती हवेची रेघ बारीक व्हायची, कधी सपाट, ऑक्सिजन 84 पर्यंत जाऊन यायचा, नाडी दरवेळी उसळायची. यजमान पहाटे चारला जागे नसतात. त्यांनी घोरणं बंद झालं म्हणून सांगितलं ते खरंच होतं, पण त्यांच्या झोपायच्या वेळेपुरतं. दिवसाचा थकवा गेला हेही खरं. बीपीच्या गोळ्या का हटत नाहीत याचं एक कारण मात्र आता आमच्या समोर पडद्यावर होतं.

तासभर हे चाललं. मुलीनं एकही जांभई दिली नाही.

सहा

तारा काढणं, पेस्ट कोमट पाण्यानं पुसणं. शेट आरशासमोर उभे राहून चेहऱ्यावरचे पट्ट्यांचे वळ बघत होते. "काय हो मॅडम, डोकं हलकं हलकं वाटतंय." मास्कवरच्या पहिल्या रात्रीनंतर हे वाक्य मी ऐकतेच. वहिनी लगेच म्हणाल्या, "मशीन आजच मिळेल का?"

सात ते नऊ

नोंदी मोजायचं काम. मशीन आपोआप मोजतं, पण मी प्रत्येक पान डोळ्यांखालून घालते. घोरण्याच्या जागी खोकला मोजला गेलाय असं घडतं. बाईंचा आकडा आला तासाला 14. ऑपरेशनआधी 58 होता. कागदावर सौम्य. पण पाठीवर आणि रेममध्ये असताना तोच 46. सरासरीत हे बुडून जातं, म्हणून मी अहवालात ती ओळ वेगळी लिहिते, ठळक अक्षरांत, कुणी वाचो न वाचो.

सव्वानऊ

डॉक्टर आले. शेटना मघाचं दुसरं उत्तर त्यांनी दिलं: ऑपरेशनपर्यंत रोज मशीन, ऑपरेशनला येताना मशीन सोबत, आणि नंतरही, वजन उतरत असतानाचे महिने. उतरत जाईल तसा दाब कमी करायचा, वजन स्थिरावलं की पुन्हा इथे. शेट म्हणाले, "म्हणजे ऑपरेशन करून सुटका नाहीच?" डॉक्टर म्हणाले, होईलही, पण ती तुम्ही ठरवायची नाही आणि मीही नाही, ती तपासणी ठरवेल. डॉ. झरीर उडवाडिया यांच्या मुंबईतल्या 2004 च्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी 19.5 टक्क्यांना झोपेत श्वासाचा बिघाड निघाला होता, हे ते प्रत्येकाला सांगतात. यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो, तुम्हाला निदान आहे.

बाई जास्त नाराज होत्या. "सर, मग मी एवढं पोट कापून काय मिळवलं?" डॉक्टरांनी बोटावर मोजून दाखवलं: साखरेची गोळी गेली, 58 चे 14 झाले, गुडघे वाचले. उरलं ते थोडं आहे, पण बीपी आहे तोवर ते सोडून द्यायचं नाही. पूर्वी 14 चा दाब लागायचा, त्यानं आता हवा फुसफुसणार आणि पोट फुगणारच. मशीन ऑटोवर, 5 ते 10. कुशीवर झोपायची सवय, ती आहेच, टिकवायची. बाईंनी इंजेक्शनाबद्दलही विचारलं, टिर्झेपेटाइड. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेलं होतं. 2024 अखेरीस अमेरिकेत ते लठ्ठपणाबरोबरच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजूर झालंय. डॉक्टर म्हणाले, तुमचा आकडा आता सौम्य आहे, आधी हे करून बघू.

मी कपाटातून मास्क काढले. पूर्वीचा त्यांचा मोठा होता, आता मीडियमही ढिला बसला. गालाचं हाड वर आलंय, नाकाच्या बाजूची चरबी गेलीय. स्मॉल, फक्त नाकाचा, मागे एकच पट्टा. मशीन जोडून पाच मिनिटं आडवं व्हायला सांगितलं. कडेनं हवा येत नाही ना, म्हटलं. नाही म्हणाल्या, मग डोळे मिटूनच विचारलं, "बिलात हा धरलाय का, का वेगळा?"

वेगळा, म्हटलं, आणि जुन्या मशीनचा फिल्टरही नवा घ्या. मशीनमधलं कार्ड महिन्यानं पाठवा.